गॅसवाल्याच्या पोरीची ओढणी

आमच्या घरात पांढरं काही टिकत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, यशवंतपूरच्या वखारीतून मल्लेश्वरममधल्या घरांत कोळशाची पोती पाठीवरून पोचवायचे. संध्याकाळी रिकामी पोती अंगणात झटकायची आणि पडलेल्या भुकटीत शेण-माती कालवून आईनं गोळे वळायचे. आमची चूल त्यांच्यावरच पेटायची. दोरीवरचे कपडे मात्र राखाडी होऊन निघायचे.

शेजारचे काका गॅसच्या टाक्या पोचवायचे. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. तिची ओढणी अशी पांढरीशुभ्र, की मला बघवायची नाही.

अण्णांचंही तेच. एकदा जेवता जेवता म्हणाले, "ज्या घरात मी जन्मभर मागच्या बोळातून गेलो, तिथं हा पुढच्या दारानं आत! वर त्या घरच्या अक्कांनी त्याला कॉफी दिली."

"टाकीची भुकटी सांडत नाही," आई म्हणाली. "तुम्ही गेल्यावर त्यांची फरशी कोण पुसणार?"

"सरी, सरी, कळलं. तू पण त्याच्याच बाजूची."

पीयूसी, म्हणजे बारावी, झाली. शेजारची मुलगी बी.कॉम.ला जाणार हे कळलं. वखार बंद पडत आलेली, म्हणून आईनं माझ्यासाठी पीण्या भागातल्या एका कारखान्यात खोकी भरायचं काम बघून ठेवलं होतं. मी ताट सरकवलं. "सगळं तिलाच!"

अण्णांनी हात धुतला. "गॅसवाल्याची पोरगी कॉलेजात आणि माझी खोकी भरणार? जमणार नाही."

त्यांना शिक्षणाची ओढ होती वगैरे मी सांगणार नाही. त्यांना शेजारी बघवत नव्हता, आणि त्यात माझं भलं झालं.

कॉलेजचा गणवेश पांढरा होता. तेव्हापासून अण्णा पोती लांब रेल्वेच्या भिंतीपाशी झटकून यायला लागले. भुकटी वाऱ्यावर जायची, गोळे कमी पडायचे. "आता चुलीत काय ओढणी घालू?" आई करवादायची. पण अंगणात पुन्हा पोतं झटकलं गेलं नाही.

तरी माझी ओढणी गॅसवाल्याच्या पोरीच्याइतकी पांढरी कधी झालीच नाही. ती नापास व्हावी असं मला फार वाटायचं. तिला पहिला वर्ग मिळाला, मला दुसरा. परवा मेट्रोत दिसली, तर मी आधी तिची साडी बघितली, मग तोंड.

असो. मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी झालं नव्हतं.