कोशावरचे सात टिळे

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की बायका धावत बघायला जायच्या, मी मात्र खाली मान घालून मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायचे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही फारसा नाही. पण पेपरातल्या या सदरात लोकांचे अनुभव वाचते आणि वाटतं, आपलाही लिहून ठेवावा. पाठवायचा धीर होईल की नाही, माहीत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

सात रस्त्याजवळ, कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक जुनं वाचनालय होतं. मी तिथं झाडलोट करायचे, पुस्तकं पुसायचे. मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. लहानपणी घरच्या विणायच्या मागात सापडून माझ्या उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट टोकाला तिरकं तुटलंय. त्या बोटानं कुंकू लावलं की टिळा गोल येत नाही, चंद्रकोरीसारखा तिरपा उमटतो. हे आधीच सांगून ठेवते.

त्या वर्षी महानंदा नावाची मुलगी यायला लागली. कुंभारी गावची, घरी कानडी, एम.ए.ला भाषांचा अभ्यास. विणकरांच्या बोलीतले शब्द मराठीत कसे आले, यावर तिला निबंध लिहायचा होता. त्यासाठी तिला एक हाती लिहिलेला कोश हवा होता – तेलुगू, कानडी आणि मराठी शब्द शेजारी शेजारी मांडलेला. कुणा मास्तरांनी तो वाचनालयाला दिला होता. दुसरी प्रत कुठंच नाही. कार्डाच्या खणात त्याचं कार्ड होतं, कपाटात कोश नव्हता.

"तोंडी ऐकलेलं चालत न्हाय म्हणत्यात आमचे कॉलेजातले सर," ती आमच्या ग्रंथपालांना, भाऊसाहेबांना सांगायची. "लेखी पुरावा आणा म्हणत्यात."

"अगं, रजिस्टरमध्ये गहाळ लिहिलंय की! मी काय पोटातनं काढून देऊ?"

तिनं शोधायचं सोडलं नाही. स्टुलावर चढून एकेक फळी बघायची. मी खाली स्टूल धरून उभी. आमचं घर तेलुगू विणकरांचं, तिला हवे असलेले शब्द माझ्या घरात रोज बोलले जायचे, पण माझं तोंड उघडायचं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं कोशांची पूजा व्हायची. पाटावर पाच जाड कोश एकावर एक रचायचे, मागं भिंतीवर सरस्वतीची तसबीर. हे काम माझं. दसऱ्याला संध्याकाळी भाऊसाहेब उत्तरपूजा करत, तोवर ती पुस्तकं हलवायची नाहीत, उघडायची नाहीत. त्या वर्षीही पाच रचले, पाचांना हळदकुंकू लावलं. भाऊसाहेबांनी कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

दसऱ्याला सकाळी त्यांच्या मागोमाग मी वर गेले. महानंदा जिन्यातच बसली होती. डोळे सुजलेले.

"दुपारच्या गाडीनं कोल्हापूरला विद्यापीठात निघालेय वो मावशी. उद्या निबंध द्यायचा शेवटचा दिवस. न्हाय घेतला तर आप्पा म्हणत्यात, पुरे झालं शिकणं. पोरगं बघून ठेवलंय त्यांनी."

भाऊसाहेबांनी कुलूप काढलं. मी पाटाजवळ गेले, आणि थबकले... काल तसबिरीतल्या सरस्वतीची पावलं कोशांच्या वर दिसत होती. आज झाकली गेली होती.

मोजलं. सहा. सगळ्यांत खाली काळ्या कापडी बांधणीचा एक कोश. त्याच्या पाठीवर चिकटवलेला कागद मी अक्षरं लावत वाचला.

"भाऊसाहेब... त्यो हाय."

त्यांनी वाकून पाहिलं. "नरसव्वा! इतकी वर्षं कुठं दडवला होतात?"

मला रडू फुटलं. तेवढ्यात महानंदा पुढं आली, तसे ते ओरडले, "हात लावू नको! पूजेतलं आहे. संध्याकाळी बघ."

संध्याकाळी? गाडी दुपारची. मला कसं धाडस झालं, कळत नाही. मी चिमूटभर अक्षता घेतल्या, पाटावर वाहिल्या, पाट पूर्वेला जरासा सरकवला. "झाली उत्तरपूजा," म्हटलं. "आई रागावली तर माझ्यावर रागवंल." आणि कोश काढून तिच्या हातात दिला.

ती वेड्यासारखी उतरवून घ्यायला लागली. भाऊसाहेब रागानं रजिस्टर घेऊन आले आणि त्यातच बघत राहिले. 'गहाळ' हा शेरा त्यांच्याच हातचा होता, मी कामाला लागायच्या आधीचा.

"मावशी, हे बघा की," महानंदानं कोश मिटून वरचा पुठ्ठा दाखवला.

एका ओळीत कुंकवाचे टिळे. पहिला पुसट, तपकिरी. पुढचे जरा जरा गडद. शेवटचा ताजा, लालभडक. सगळे चंद्रकोरीसारखे, तिरपे.

भाऊसाहेबांनी माझ्या बोटाकडं पाहिलं. मग ते खुर्चीत बसले.

टिळे सात होते. त्या वर्षीचा धरून मी तिथं सात दसरे पूजा मांडली होती.

निबंध घेतला गेला. महानंदा परत आली ती पेढे घेऊन, आणि मग दर रविवारी माझ्याकडून शब्द लिहून घ्यायला. तिच्यापुढं माझं तोंड उघडलं. तो कोश मी कधी पाहिला नव्हता, शपथेवर सांगते. कुलपाआड तो कुणी ठेवला, माझ्या बोटाचे टिळे त्यावर कसे, तिलाही सांगता आलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला आठवा टिळा मी स्वतः लावला, भर दिवसा, डोळे उघडे ठेवून. मग खिडकीपाशी नेऊन आधीच्या सातांशी ताडून पाहिला. रंग सोडला, तर फरक काही सापडला नाही.