भारतासाठी उरले सहा इंच

जगातलं सगळं बसलं होतं, फक्त भारत बसत नव्हता.

दुपारचा एक वाजला होता. भिंतीपासून वीस पावलं मागं सरकून मी पहिल्यांदाच सगळं जग एका नजरेत पाहत होतो. डावीकडं अमेरिका, मग अटलांटिक, युरोप, आफ्रिका, अरबस्तान. उजवीकडं न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान, चीन. सगळं झकास. आणि इराण व चीन यांच्या मधे कोऱ्या भिंतीची एक उभी पट्टी. तिथं आम्हाला भारत काढायचा होता. मी टेप लावला. दोन फूट जागा असायला हवी होती, ती भरली सहा इंच.

"सोपान," मी म्हणालो, "भारत कुठं काढायचा?"

सोपान माझा मेव्हणा आणि अठरा वर्षांपासूनचा जोडीदार. तो शिडीवरून उतरला, पट्टीसमोर उभा राहिला आणि त्यानं बोटं पसरून बघितली.

"दाजी, हितं तर गुजरात बी बसना."

मी पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, रस्त्याकडेच्या भिंतींवर पेंडीच्या आणि पाइपच्या जाहिराती, यावर माझं घर चाललं. मग फ्लेक्स आला. एका तासात छापून मिळतो, दोन खिळ्यांवर लटकतो आणि सहा महिन्यांत फाटतो, पण लोकांना तोच पाहिजे. हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं सणकतं. अशात परभणीजवळच्या झरीच्या पुढं एका गावातल्या शाळेत जगाचा नकाशा काढायचं काम आलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला चहा पाजतात. हा नकाशा म्हणजे नमुना होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गटशिक्षणाधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या शाळांचे साहेब, तो बघायला येणार होते. पसंत पडला तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या भिंती आमच्या. नाही पडला तर सगळीकडं फ्लेक्स. साहेबांनी हे तोंडावर सांगितलं होतं.

आता लहान नकाशा मोठ्या भिंतीवर कसा जातो ते सांगतो. त्यात जादू काही नाही. पुस्तकातल्या नकाशावर पेन्सिलनं चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या करून पाडायच्या, आणि एकेका चौकटीत जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवायचं. आमची भिंत चोवीस फूट, म्हणून नकाशाचेही चोवीस उभे भाग केले. एका भागाला एक फूट. मुख्याध्यापिका वाघमारे बाई हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पेंटर, पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते. म्हणजे तुमची एक चौकट म्हणजे एक तास."

मला हे इतकं आवडलं की मी फूट म्हणायचंच सोडून दिलं. "सोपान, शिडी दोन तास तिकडं घे," असं आमचं सुरू झालं.

काम आम्ही नेहमी दोन टोकांकडून करतो. मोठ्या जाहिरातीत डावी अक्षरं माझी, उजवी सोपानची, मधलं नाव शेवटी. इथंही तसंच ठरलं. अमेरिकेपासून इराणपर्यंतचे सोळा तास माझे. उजव्या टोकाकडून चीनपर्यंतचे सहा तास सोपानचे, शिवाय खालचा माहितीचा पट्टा त्याच्याकडं. मधले दोन तास भारताचे. ते शेवटी, दोघांनी मिळून, मन लावून. आडव्या रेघा दोघांनी दोरी ताणून मारल्या. उभ्या रेघा ज्यानं त्यानं ओळंबा सोडून आपापल्या बाजूला पाडल्या. पुढचे दोन दिवस दोघंही नाक भिंतीला लावून होतो.

माहितीचा पट्टा मात्र सोपाननं देखणा लिहिला होता. खंडं सात, महासागर पाच, माणसं आठशे कोटींच्या वर. सगळ्यात मोठा देश रशिया. सगळ्यात जास्त लोक भारतात, त्याखालोखाल चीनमध्ये. सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था अमेरिकेची, दुसरी चीनची. त्यात भारताचा नंबर कितवा, ते बाईंनी पेंटनं लिहू दिलं नाही. "तो आकडा खडूनं लिहा. सारखा पुसावा लागतो," म्हणाल्या.

तर जगात सगळ्यात जास्त लोक असलेल्या देशाला सहा इंच. बघता बघता अख्खी शाळा अंगणात गोळा झाली, आणि पाठोपाठ गाव. शाळा समितीचे अध्यक्ष माणिकराव बैल सोडून तसेच आले. त्यांनी एक डोळा मिटून भिंतीकडं पाहिलं आणि निकाल दिला.

"चीननं बांध कोरलाय."

"तसं नाही माणिकराव," बाई म्हणाल्या.

"मग कसं? शेजाऱ्याचं रान वाढलं आन् आपलं घटलं, त्याला आमी बांध कोरणंच म्हणतो. मोजणी आना." मग त्यांची नजर वर डावीकडं गेली. "आन् ह्ये एवढं थोरलं पांढरं कुणाचं हाय?"

"ग्रीनलंड."

"माणसं किती?"

"साठ हजाराच्या आतच."

माणिकरावांचा पटका हलला. "परभणीत एका पेठेत हायेत की एवढी! त्येंला एवढं वावर, आन् आमी एकशे चाळीस कोटी सा इंचात?"

बाईंनी समजावलं. पृथ्वी गोल, भिंत सपाट. गोल वस्तू सपाट करायची म्हटलं की वरचं आणि खालचं टोक ताणावं लागतं, म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड बसतील. माणिकराव म्हणाले, "मग ताणा की आमाला बी." सगळं अंगण हसलं. मलाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. उद्या साहेब येऊन भारत शोधणार होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर तालुक्याच्या प्रत्येक शाळेवर फ्लेक्स फडफडत होता.

मी सोपानवर उखडलो. "सहाच्या जागी सात चौकटी पाडल्यास तू."

"न्हाई दाजी. साच हायेत. आईशप्पथ."

मोजणार कशा? रेघा रंगाखाली गेल्या होत्या. वाद घालायला वेळ नव्हता. रंग पाण्यातला होता, लवकर वाळणारा, एवढंच नशीब. मी ठरवलं की उजवी बाजू सगळी पांढरी करायची आणि नव्यानं काढायची. या वेळी टोकाकडून नाही, भारतापासून उजवीकडं सरकत जायचं. मी रोलर घेतला आणि दहा मिनिटांत चीन, जपान, ऑस्ट्रेलिया पुसून टाकले. माणिकरावांनी टाळ्या वाजवल्या.

मग जी धमाल उडाली तशी मी आयुष्यात पाहिली नाही. मी भारत काढायला घेतला, सोपाननं पुढच्या उभ्या रेघा पाडल्या, आणि समुद्र भरायला अख्खं गाव लागलं. शिक्षक, आया, दूधवाला, माणिकराव. "रेघेच्या बाहेर जाऊ नका" एवढीच अट. माणिकरावांनी बंगालचा उपसागर एकट्यानं भरला आणि कुणाला हात लावू दिला नाही. पृथ्वीवर एकाहत्तर टक्के पाणी आहे हे शाळेत मी पाठ केलं होतं, पण खरं कळलं ते त्या दिवशी, निळ्याचे डबे संपल्यावर. शेवटी किराणा दुकानातून कपड्यांची नीळ आणली, पांढऱ्यात कालवली आणि पॅसिफिकसाठी ठेवून दिली. दिवस मावळेपर्यंत भारत पूर्ण झाला. दक्षिणेचं टोक ओढताना माझा हात भरून आला होता. परभणीच्या जागी बाईंनी स्वतः लाल ठिपका ठेवला. मी त्या दिवशी फार खूश होतो, हे कबूल करतो.

सकाळी उजेड झाल्यावर सोपान पुन्हा भिडला. मी खालच्या पट्ट्यावर उडालेले रंगाचे डाग काढत होतो. नऊ वाजता त्याची हाक आली, जरा बारीक आवाजात.

"दाजी, भिंत सरली."

"काय?"

"भिंत सरली. न्यूझीलंड ऱ्हायलंय. आन् रशियाचं शेपूट बी."

मी धावत गेलो. भारत दोन फूट, बरोबर. चीन, जपान, ऑस्ट्रेलिया सगळे ऐसपैस पसरलेले, आणि ऑस्ट्रेलियानंतर हातभर समुद्र होऊन भिंत संपलेली. या वेळी काही रेघा अजून रंगाखाली गेल्या नव्हत्या. मी सोपानच्या हातातला टेप ओढून घेतला आणि त्याची चौकट मोजली. पंधरा इंच. दुसरी मोजली. पंधरा इंच.

"फुटात इंच किती?" मी ओरडलो.

"बारा. पर आपण तीन वाढवूनच धरतो की!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या जुन्या टेपचे पुढचे तीन इंच चार वर्षांपूर्वी गंगाखेडला उसाच्या ट्रॉलीखाली जाऊन तुटले होते. तेव्हापासून आम्ही तो तीन इंच वाढवून वाचायचो. फूट पाहिजे असेल तर पंधरावर खूण. हाताला सवयच लागली होती. आदल्या आठवड्यात मी परभणीहून नवा टेप आणला. तसाच पिवळा, तेवढाच, पण अखंड. आणि हे सोपानला सांगायचं राहून गेलं. कालपासून मी त्याला शिव्या घालत होतो, आणि चूक सगळी माझी होती.

मी तिथंच पायरीवर बसलो. सोपान म्हणाला, "दाजी, रडायलाव का हसायलाव?" मलाही सांगता येत नव्हतं. हसतच होतो बहुतेक. साहेब दोन तासांवर आले होते, आणि या वेळी खरेखुरे दोन तास.

वाघमारे बाई आल्या. त्यांनी भिंत पाहिली, मग भिंतीच्या कडेला जाऊन बाजूच्या भिंतीकडं पाहिलं. तिकडं पाण्याचे नळ होते.

"किती राहिलंय?"

मी हिशेब केला. सहा चौकटी, प्रत्येकी तीन इंच. "अठरा इंच, बाई."

"मग वळवा की."

"काय वळवा?"

"जग. कोपऱ्यावरून वळवा. भिंत संपली म्हणून जग कशाला संपायला पाहिजे?"

पुढचा दीड तास मी आणि सोपान असे राबलो की एकमेकांशी बोललोसुद्धा नाही. निळीचा पॅसिफिक कोपऱ्यावरून वळला. रशियाचं शेपूट वळलं. नळांच्या वर न्यूझीलंडची दोन बेटं बसली. शेवटचा हात दिला तेव्हा जीप फाटकात शिरत होती.

साहेब उंच, गंभीर माणूस. हात मागं बांधून ते आधी परभणीच्या ठिपक्यापाशी गेले. सगळे तिथंच जातात. मग माहितीचा पट्टा वाचला. खडूचा आकडा बघून भुवई उडाली, पण बाईंनी कारण सांगितल्यावर खाली आली. मग ते उजवीकडं सरकत गेले आणि टोकाला थांबले.

"न्यूझीलंड दिसत नाही?"

"कोपऱ्यावर हाय साहेब," सोपान म्हणाला. "या."

साहेब वळले. नळापाशी उभे राहिले. न्यूझीलंडकडं पाहिलं, परत समोर आले, परत वळले. असं तीनदा केलं. माणिकराव माझ्या कानाशी म्हणाले, "चक्कर आली का काय साहेबाला?"

"बाई, हे असं का?"

वाघमारे बाईंचा आवाज जराही हलला नाही. "सर, सपाट नकाशा बघून मुलांना वाटतं, जग उजव्या कडेला संपतं. आम्ही शाळेला पूर्ण वळसा घालायला लावतो. न्यूझीलंडवरून निघायचं, मागच्या भिंतीनं चालत जायचं, की समोर पुन्हा अमेरिका लागते. पृथ्वी गोल आहे हे सांगावं लागत नाही."

साहेबांनी बूट आपटत खरोखरच शाळेला वळसा घातला. मागून निघून ते थेट अलास्कापाशी उगवले, आणि हा गंभीर माणूस दात दाखवून हसला. "वा! याला म्हणतात नवोपक्रम!" त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतले, न्यूझीलंडसोबत सेल्फी घेतली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "फ्लेक्स असा वळेल का हो?" मला त्या माणसाची पप्पी घ्यावीशी वाटली. सोपान माझ्याकडं बघेना आणि मी त्याच्याकडं. बघितलं असतं तर दोघंही फुटलो असतो.

काम आम्हाला मिळालं. सगळा तालुका. पंधरा दिवसांनी सगळ्या शाळांना पत्रही गेलं, की जगाचा नकाशा कोपऱ्यावरून अठरा इंच वळवूनच काढावा. पुढच्या शाळेत गेलो तर नकाशासाठी कंपाउंडची सरळ, लांबलचक भिंत नेमलेली. तिला कोपराच नव्हता. चाळीस फूट जागा होती, अख्खं जग आरामात बसलं असतं, मी हेडमास्तरांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तुमचं काय जातंय? पत्रात अठरा इंच आहे." आणि मागं बघतो तर त्यांनी आधीच गवंडी लावून भिंतीच्या टोकाला बरोबर अठरा इंचांची एक नवी भिंत बांधायला घेतली होती, एकट्या न्यूझीलंडसाठी.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. काम सुरू करायच्या आधी भिंत दोनदा मोजावी. साहेब वाहवा करून गेल्यावर मात्र काहीही मोजू नये.