खोक्यावरचा आकडा, कुपीवरचा आकडा

डाळ निम्मीच निवडून झाली होती. ताट तसंच ओट्यावर टाकून मी दाराकडे धावले. हे इंजेक्शनची कुपी खोक्यासकट घेऊन आले होते.

भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, पाच दिवस साथीच्या वॉर्डात होते. इस्पितळातली इंजेक्शनं संपली होती. "तुम्हीच कुठून तरी मिळवा," असं डॉक्टर म्हणाले होते. यांना ते ओळखीच्या ओळखीतून मिळालं. मी कुपी आधी देवापुढे ठेवून हात जोडले. तेवढ्यात ताई आल्या.

ताई माझ्या थोरल्या नणंद. इस्पितळाच्या औषध-कोठारात त्यांनी तीस वर्षं काढली. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅचचा आकडा मोठ्याने वाचून जुळवल्याशिवाय त्यांनी कधी औषध हातातून सोडलं नाही. घरातल्या खोकल्याच्या बाटलीचीही तीच हजेरी. सगळे त्यांना 'भिंग' म्हणतात, अगदी तोंडावर.

त्यांनी सरळ कुपी उचलली.

"अहो ताई, देवापुढे ठेवलीय!"

"ठेव की. वाचायचं काम त्याने माझ्याकडे दिलंय."

त्यांनी खोकं वाचलं, कुपी वाचली. शेवटचे दोन आकडे वेगळे. पत्र्याच्या झाकणावर पक्कडीचे ओरखडे होते. ते त्यांनी मला भिंगातून दाखवले.

"रिकाम्या कुपीत कुणीतरी काहीतरी भरलंय. हे द्यायचं नाही."

हे भडकले. "ताई, तिकडे त्याला धाप लागलीय! काहीच नसण्यापेक्षा हे बरं!"

"काही नसलं तर डॉक्टर दुसरा उपाय शोधतील. हे टोचलं, तर औषध दिलं म्हणून वाट बघत बसतील."

खरं लिहायचं तर मलाही राग आला. जन्मभर लेबलं वाचून या बाईला माणूस दिसेनासा झालाय, असं मनात आलं. देवाने क्षमा करावी.

ताईंनी डॉक्टरांना फोन करून इंजेक्शन नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी भाऊजींना पालथं झोपवलं, प्राणवायू वाढवला. कोठारातल्या जुन्या सोबतिणीकडून ताईंना कळलं, की परवा खरा साठा येणार, वॉर्डाची चिठ्ठी दाखवून मिळेल. ते दोन दिवस माझ्या तोंडात नामाशिवाय काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताई सकाळपासून रांगेत. कुपी हातात येताच खिडकीपाशीच त्यांचं वाचन सुरू!

"मावशी, पारायण घरी करा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"जुळलं," म्हणत ताई बाजूला झाल्या. मागच्या बाईने आपली कुपी हळूच पुढे केली, "माझीही बघता का?" मग तिच्या मागच्यानेही.

आज भाऊजी उठून बसले. चहा पाणचट आहे म्हणून कुरकुरले. ती कुरकुर ऐकून हे रडले.

ताईंनी यांच्याकडून विकणाऱ्याचा नंबर कागदावर लिहून घेतलाय. बनावट कुपी आणि खोकं पिशवीत घालून त्या आता औषध निरीक्षकाच्या कचेरीत तक्रार द्यायला निघाल्या आहेत.