न दिसलेलं कडं

माझा नवरा हैदराबादला नोकरीला, मी उमरग्यात. हायवेलगत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, लग्नं, उद्घाटनं, सगळ्यांचे बॅनर मी करते. त्या कामासाठी घेतलेला कॉम्प्युटर दणकट, म्हणून संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की मी त्यावर अवकाशातली गेम लावायची. ते तिकडं खोलीवर आपला जुना लॅपटॉप उघडायचे. दोघांची दोन यानं, कानाला हेडफोन. घरात सासूबाईंसमोर मी त्यांना अहो म्हणायची, अवकाशात अरे. "अरे, डावीकडं वळ की! डोळे कुठं ठेवलेस?" असं बोलायला मला तेवढीच जागा होती, आणि त्यांनाही ते आवडायचं.

आमचा एक ठरलेला ग्रह होता. निळसर, भोवती बारीक कडं. फिरून फिरून आम्ही तिथंच यायचो. मी म्हणायची, "आज कडं बघ कसं चमकतंय." ते म्हणायचे, "लई भारी." संसार म्हणावा असं आम्हाला एकत्र जे काही मिळालं, ते बहुतेक तिथंच.

मग ते गेले. ड्युटीवरून आले, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. श्रद्धांजलीचा बॅनर मीच केला. दुसऱ्या कुणी केला असता तर फोटोची वाट लावली असती.

त्यांच्या सामानाबरोबर लॅपटॉप आला. दुकानात नेऊन उघडला, गेम लावली, त्यांच्या यानातून आमच्या ग्रहापाशी गेले. ग्रह उघडाबोडका. कडंच नाही.

मी भडकलेच. गेमवाल्यांनी काहीतरी नवीन घुसडलं आणि आमचं कडं पुसलं, असं वाटून त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. माणूस गेला, निदान ग्रह तरी होता तसा ठेवायचा! मग वाटलं, उन्हाच्या उलट बाजूनं दिसत असेल. ग्रहाला पुरती फेरी मारली. काही नाही. दुसरे ग्रह पाहिले, तर त्यांची जाड, रुंद कडी ठसठशीत दिसत होती. बारीक कडी तेवढी गायब.

शेवटी माझ्या कॉम्प्युटरवरही गेम लावली आणि माझं यान त्यांच्या यानाशेजारी नेलं. माझ्या पडद्यावर कडं होतं. दोन्हीकडच्या सेटिंग उघडल्या. लॅपटॉपवर चित्राचा दर्जा अगदी तळाला ठेवलेला. वर चढवला, तर पंखा घरघरला आणि लॅपटॉप बंदच पडला. मग माझ्याकडचा दर्जा खाली ओढला. कडं गेलं. वर नेला, आलं. जुन्या मशीनला झेपावं म्हणून गेम बारीक कडी काढतच नाही, एवढंच होतं ते.

म्हणजे त्यांनी ते कधीच पाहिलं नव्हतं.

आमच्या लग्नात भर दुपारी मांडवात भटजींनी वर बोट केलं होतं. "ध्रुवतारा बघा. दिसला म्हणा." वर कापड, त्यावर ऊन. आम्ही दोघंही मुकाट्यानं "दिसला" म्हणालो. दिसला म्हटल्याशिवाय पुढचा विधी होत नाही आणि पंगती खोळंबतात. त्या माणसानं तेच पुढं चालवलं, माझ्याबरोबर, रोज.

घरी सासूबाईंना विचारलं, ते खोटं बोलायचे का हो? त्या ज्वारी निवडत होत्या.

"खोटं न्हाय गं. समोरच्याचं मन मोडायचा न्हाय त्यो. त्याच्या खोलीवरचा दोस्त सांगत हुता, त्याला वांगं आवडतच न्हवतं म्हणून. आन् म्या मेली दर येळंला डबा भरून वांगंच द्यायची."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीही तिथंच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी दुकानात लॅपटॉप पुन्हा चालू केला, दर्जा होता तसा तळाला नेला आणि दोन्ही पडदे लावले. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. एकदा नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मी काही रुसून बसले नसते. फार तर टिंगल केली असती, आणि मग कसं दिसतं ते रोज सांगितलं असतं.

म्हणून सांगायला लागले. हेडफोन घातला आणि माझ्या पडद्याकडं बघत म्हणाले, "अरे, ऐक. भाकरी उचलल्यावर काठवटीत पिठाची गोल कड राहते ना, तसं आहे. पांढरट. एका बाजूला जरा विरलेलं. ग्रहाची सावली पडते तिथं तुटल्यासारखं वाटतं, पण तुटलेलं नाही."

त्यांचं यान शेजारी उभं होतं. समोर कडं होतं, आणि ते बघणारी मी एकटीच होते, पहिल्या दिवसापासून.