अक्काची पाठराखीण

"मावशी, आई गेली," वालूरहून भाच्याचा फोन आला, आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठं?" खरं सांगते, मला तसंच वाटलं. आमच्या गोदाअक्काच्या बाबतीत 'गेली' या शब्दाचा दुसरा अर्थ कधी डोक्यात आलाच नव्हता. ती कायम कुठं ना कुठं गेलेलीच असायची... सेलूला, मानवतला, कुणाच्या बारशाला, कुणाच्या डोहाळजेवणाला, पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी टाकून. भाचा पलीकडे रडायला लागला, तेव्हा कुठं मला उमगलं आणि मी होते तिथंच खाली बसले. मग दिवसांना वालूरला गेले. येणारी प्रत्येक बाई पदर डोळ्याला लावून एकच म्हणायची, "लय सोशिक होत्या बगा. कवा कुणाला उलटून बोलल्या न्हाईत." सोशिक? कोण, आमची अक्का? दुखवट्याच्या घरात भांडू नये म्हणून मी तेव्हा ओठ मिटून बसले. आता महिना उलटून गेलाय. आता मी काही गप्प बसत नाही.

गोष्ट मोगलाईतली आहे, म्हणजे निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांतली. परभणीत स्टेशनच्या रस्त्याला आमच्या अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. मागं पडद्यावर रंगवलेला तलाव, त्यात दोन हंस, आणि पुढं एक शिसवी खुर्ची. त्या खुर्चीत बसून आजूबाजूच्या झाडून सगळ्या मिशावाल्यांनी फोटो काढून घेतले. फक्त मिशावाल्यांनी! परक्या पुरुषासमोर तोंड उघडं टाकून बायका बसणार कशा? नवाबाच्या देवडीतल्या बेगमाही नाहीत आणि डोईवर पदर घेणाऱ्या आमच्या बायकाही नाहीत. आमची आई मी लहान असतानाच गेली. तिचा एकसुद्धा फोटो नाही. फोटोग्राफरच्या बायकोचा! अण्णा आपले 'उद्या काढू, उद्या काढू' करत राहिले... अक्काला हे फार लागलं होतं. ती अण्णांच्या हाताखाली हट्टानं शिकली, आणि अण्णांनी हैदराबादहून घडीचा लहान कॅमेरा आणला, तो तिनं जो उचलला तो पुन्हा खाली ठेवला नाही. मग बायकांची बोलावणी यायला लागली. आत जनान्यात अक्का एकटी जायची आणि अण्णा बाहेर लिंबाखाली बसून पान चघळायचे.

अडचण होती ती सामानाची. कॅमेरा, फिल्मची डबी, पुसायची फडकी, असं सगळं अण्णांच्या पितळी कोपऱ्यांच्या जाड लाकडी पेटीत असायचं. पेटी हमालानं उचलायची. पण हमाल पडला बाप्या, त्याला दारातच मज्जाव. तिथून पुढं ते धूड अक्का ओढत न्यायची, आणि दम लागून हात थरथरायला लागले की फोटो हलायचा. "अण्णा, मला हलकं कायतरी पायजे. माझं मला उचलता यील असं," तिनं सांगून टाकलं. झालं, आमच्या घरात पिशव्यांचं स्वयंवर सुरू झालं! अण्णांनी कुणाकडून तरी चामड्याची बॅग आणली. दिसायला देखणी, पण रिकामीच एवढी जड की भरायची हिंमत होईना, आणि चामडं म्हणून सोवळ्याच्या घरात उंबऱ्याबाहेरच ठेवायला लागायची. मग पत्र्याची पेटी झाली. ती उन्हात तापायची आणि आतली फिल्म भाजून निघायची. मग बाजारातून लढाईवरून आलेल्या कुण्या शिपायाची खाकी पिशवी आणली. हलकी, मजबूत, पाठीवर घ्यायची. पण ते दिवस असे, की खाकी दिसली की बायका धाडदिशी दारं लावून घ्यायच्या आणि करोडगिरीच्या नाक्यावरचे लोक जकातीच्या नावाखाली ती पिशवी उलटीपालटी करून बघायचे. खांद्यावरची झोळी घेऊन पाहिली, तर ती चालताना कमरेवर धपाधप आपटायची.

आता आपटते म्हणजे किती आपटते, हे ठरवायला अक्कानं काय युक्ती काढली असेल? "यमे, पापड भाज." मी चुलीवर पापड भाजायचे, ते कॅमेऱ्याच्या जागी पिशवीत ठेवायचे आणि आम्ही दोघी वसमतच्या रस्त्यानं बैलगाडीतून चक्कर मारून यायचो. घरी येऊन पिशवी उघडायची. झोळीतल्या पापडाचा भुगा, पेटीतल्याचे तुकडे. पापड मोडला की पिशवी नापास, आणि नापास पापड माझ्या पोटात. माझी तर चंगळ होती. शेवटी अक्कानंच दाभण हातात घेतलं. बाहेरून अण्णांचं जुनं घोंगडं, म्हणजे पावसाचं पाणी चटकन आत शिरत नाही. आतून आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ, थरावर थर घालून बारीक टाक्यांनी शिवलेली. खांद्यावर घ्यायला बाजेच्या नवारीचे रुंद पट्टे, म्हणजे खांदा कापत नाही. वर एक लाकडी गुंडी. आम्ही गाडीतून फिरून आलो, अक्कानं गुंडी सोडली, आणि पापड अख्खा बाहेर आला! अण्णांनी टाळी वाजवली. मला त्या दिवशी खायला काहीच मिळालं नाही, म्हणून मी मात्र फुगून बसले होते.

ती पिशवी पाठीवर घेऊन अक्का पहिल्यांदा रस्त्यानं निघाली, तेव्हा समोरच्या ओट्यावरची काकू म्हणाली, "अगं, बाईमाणसानं डोक्यावर घ्यावं, कडंवर घ्यावं. पाठीवर कुणी घेतंय व्हय?" अक्का थांबली. "डोक्यावर घेतलं तर मान मोडती, काकू, कडंवर घेतलं तर कंबर. पाठ काय नुसती मार खायला दिली व्हय देवानं?" काकू ओट्यावरून उठून आत गेली. आणि ह्या बाईला तुम्ही सोशिक म्हणता!

अक्काचं लग्न वालूरला ठरलं. शेती होती, धान्याचा व्यापार होता, घर भरलेलं. नवरा, म्हणजे आमचे दाजी, गरीब स्वभावाचे; सासरे मात्र करडे. मुलगी फोटो काढते हे अण्णांनी आधी सांगितलं होतं, पण सासऱ्यांना वाटलं, मुलगी विणकाम करते तसंच हे, लग्न झालं की सुटेल. आता नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची कुणीतरी जाते, ती पाठराखीण. नवख्या घरात नवरीला सोबत करायची, चार दिवस राहायचं आणि तिला घेऊन मांडवपरतणीला माघारी यायचं. आई नव्हती, मावशी नव्हती, म्हणून पाठराखीण मीच. वालूरच्या दारात अक्का उभी राहिली ती शालूवर पाठीला पिशवी लावून. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "पाठराखीण कोण आलीया गं?" मी पुढं झाले. अक्काला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, ती म्हणाली, "ही एक, आन् पाठीवर हाय ती दुसरी." सगळ्या बायका खो खो हसल्या. नवरी बोलकी आहे म्हणून सासूबाईंनाही कौतुक वाटलं.

त्या चार दिवसांत दुपारी पुरुष बाहेर गेले की घरामागच्या परसात बायका गोळा व्हायच्या. मी मागं चादर धरायची आणि अक्का एकेकीला उभी करायची. कुणी नथ मागून आणलेली, कुणी लेकरू काखेला मारलेलं. शेवटच्या दुपारी सासूबाई स्वतः आल्या, इकडंतिकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माझाबी काढ. पर बोलायचं न्हाई कुटं." मांडवपरतणीच्या सकाळी सासऱ्यांना परसात राहिलेली फिल्मची डबी दिसली आणि सगळं कळलं. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. बैठकीत चार माणसांसमोर शांतपणे म्हणाले, "सूनबाई, ही पिशवी पाठराखीण हाय असं तुमीच म्हणलात न्हवं? पाठराखीण चार दिस ऱ्हाती आन् मानानं माघारी जाती. ती सासरी नांदत न्हाई. दोघींलाबी पोचवून या. येताना एकट्या या." बैठकीतले सगळे वा वा करायला लागले. अक्काचाच शब्द, आणि त्याच शब्दाच्या दाव्यानं तिला बांधून टाकलं होतं! अक्कानं पिशवी पाठीवर घेतली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "जी, मामंजी. पाठराखीण माघारी जाती. पर मला आई न्हाई. माहेरचं म्हणून जे काय हाय ते हिच्यात शिवलंय. तुमच्या घरातून हिची ओटी भरून बोलावणं यील, त्या दिशी मी येते."

पुढचे दिवस काय सांगू... नवी नवरी माहेरी राहिलेली, म्हणजे गावाच्या तोंडाला आयतं खाद्य. 'टाकलेली' हा शब्द दारावरून जाता-येता कानावर पडायचा. एका पिशवीपायी संसार मोडतोय, धाकटीचं तरी आता कोण करून घेईल, असं लोक अण्णांच्या तोंडावर बोलायचे. दाजी न्यायला यायचे, पोटभर जेवायचे, "बाबांना कोण सांगणार?" म्हणायचे आणि एकटेच परत जायचे. अक्का वालूरच्या बायकांचे फोटो धुऊन दोरीवर वाळत घालायची. एका दुपारी तसंच काम करताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "यमे, मी चुकायले का गं?" आयुष्यात तिनं एवढा एकदाच हा प्रश्न विचारला. तिच्या जागी मी असते तर केव्हाच पिशवी माळ्यावर टाकून नांदायला गेले असते, पण तिला तसं सांगायला माझी जीभ वळेना. मी म्हणाले, "पापड मोडला न्हाई अजून." ती हसली, आणि मग रडली. मीही रडले.

आणि एक दिवस दारात गाडी थांबली. गाडीतून उतरल्या सासूबाई, एकट्या. अण्णा धोतर सावरत पुढं धावले, मी पाण्याचा तांब्या आणला. सासूबाईंनी तांब्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आदी वटी," म्हणाल्या. मग अक्काकडं वळून, "गोदे, तुज्या फोटूच्या डब्यानं माज्या दारात जत्रा भरवली की गं! रोज कुणी ना कुणी हुबी. काकू, आमचा फोटू कवा यायचा? काकू, सून आली का? मला न्हाणीत जाऊ देईनात भवान्या." त्यांनी अक्काच्या पदरात खण, नारळ, तांदूळ घातले. मग खुंटीवरची पिशवी मागून घेतली, गुंडी सोडली आणि तिच्यातही ओंजळभर तांदूळ टाकले. अण्णा घाबरत घाबरत म्हणाले, "व्याह्यांना इचारलंत का?" सासूबाई म्हणाल्या, "इचारलं न्हाई. सांगितलं." मग पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "आता माझा दाव." फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. "आशी दिसते व्हय गं मी?" एवढंच म्हणाल्या आणि फोटो चोळीत सारून दिला.

त्यानंतर अक्काची पिशवी वालूरच्या घरात खुंटीवर राहिली ती राहिलीच. सासरे तिच्याशी कधी त्या विषयावर बोलले नाहीत, पण खुंटी मात्र त्यांनी स्वतः ठोकून दिली होती. निजामाच्या त्या शेवटच्या वर्षी, रस्त्यारस्त्यावर निजामाच्या बाजूचे बंदूकवाले फिरायचे तेव्हा, मी आणि अक्का गाडीत असताना त्यांनी आम्हाला अडवलं. एकानं पिशवीकडं बोट केलं. "क्या है इसमें?" कॅमेरा सापडला असता तर हेर समजून आमचं काय केलं असतं, त्याचा विचारही नको. अक्का शांतपणे म्हणाली, "जच्चा का बिस्तरा है, भाई. छू के देखते?" बाळंतिणीचं अंथरूण म्हटल्यावर तो गडी असा मागं सरकला की बैल बुजले. गाडी पुढं गेल्यावर अक्का तोंडात पदर कोंबून हसत होती आणि मी अजून देवाचं नाव घेत होते.

अक्काचे दिवस झाल्यावर मी वालूरहून निघायला लागले. पिशवी त्याच खुंटीवर होती. घोंगडं विरलेलं, नवार दोनदा बदललेली, आतलं आईचं लुगडं मात्र टाक्यांनी धरून ठेवलेलं. शेजारची एक जाणती बाई म्हणाली, "मेलेल्या माणसाची वाकळ घरात ठिवू न्हाई. नदीला सोडा." कुणीतरी काठीनं ती खुंटीवरून काढायला गेलं. काठीनं! मग मात्र माझा आवाज चढला. "खबरदार! ती वाकळ न्हाई, पाठराखीण हाय. आन् पाठराखीण नदीला न्हाई जात, माहेरी जाती." भाच्याची बायको आत गेली, तांदूळ घेऊन आली आणि म्हणाली, "मग मावशी, रिकामी कशी जाईल ती?" तिनं गुंडी सोडून ओंजळभर तांदूळ आत घातले. दुखवट्याच्या घरात ओटी भरतात का, असं कुणी कुजबुजलं. कुजबुजू द्या.

एसटीत मी ती पाठीवर घेऊन बसले. ह्या वयात, नऊवारी नेसून! लोक बघत होते, त्यांनाही बघू दिलं. माझं सासर-माहेर दोन्ही परभणीच, तेव्हा आता ती माझ्या खोलीत दाराजवळच्या खुंटीवर आहे. तांदूळ मी काढलेले नाहीत. रोज येता-जाता तिला हात लागतो, आणि मनातल्या मनात मी अक्काच्या सासऱ्यांना सांगते... तुमचंच खरं झालं, पाठराखीण माघारी आली. पण कधी यायचं, ते आमच्या अक्कानं ठरवलं.