धाकटीने बदललेला स्विच

धाकटी जळालेल्या विजेच्या मोटरी रिवाइंड करायची. बावीस वर्षं तांब्याच्या तारा गुंडाळून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. थोरल्या भावाला त्या कामाची लाज वाटे. चारचौघांत तो 'बहीण इलेक्ट्रिकलमध्ये आहे' एवढंच सांगे. वडील गेल्यावर त्यांची मोटरसायकल त्याने कुणाला न विचारता नेली. वर म्हणाला, "तुला काय उपयोग?" वडिलांनी ती चालवायला शिकवली होती धाकटीला. दादा तेव्हा पडायच्या भीतीने पायरीवरून खाली उतरत नसे.

तोच दादा आज घामाघूम होऊन, गाडी ढकलत तिच्या दुकानाशी आला.

"चालता चालता बंद पडते गं. बॅटरी बदलली, प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. तीन मेकॅनिकांनी हात टेकले."

"आणि तू काय केलंस?"

"मी लक्ष ठेवून होतो ना!"

उंटावरून शेळ्या हाकायची सवय जुनीच.

तिने किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला. किल्ली बोटाने जराशी हलवली, दिवा गेला. सोडली, परत आला.

"हे दिसलं नाही तुला?"

"मला वाटलं, दिवाच खराब आहे."

तिने बॅटरीची वायर सोडवली, हेडलाइट उघडला, किल्लीच्या स्विचच्या वायरींचा जोड ओढून काढला. दादा डोक्यावर उभा राहून "जपून, जपून" करत होता. तिने दहाचा पाना मागितला, त्याने पक्कड दिली. जुना स्विच निघाला. आतल्या पट्ट्या जळून काळ्या पडल्या होत्या. दादाला नवा आणायला पाठवलं, तर गाडीचं मॉडेल सांगता येईना म्हणून हात हलवत परत आला. शेवटी जुना स्विच त्याच्या हातात कोंबून पुन्हा पिटाळला.

नवा बसवला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं, किल्ली हलवून पाहिली. दिवा जराही मिणमिणला नाही. एका किकमध्ये गाडी सुरू झाली.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "झाली, झाली," दादा म्हणाला. "साधा स्विच होता. मी म्हणतच होतो."

नव्या स्विचबरोबर दोन किल्ल्या होत्या. धाकटीने त्याच्या हातावर एकच ठेवली.

"दुसरी?"

"माझ्याकडे राहील. रविवारी गाडी मला लागते."

"तू चालवणार? अगं, लोक काय…"

"मग जुना स्विच परत बसवते. ने ढकलत."

दादाने मुकाट्याने किल्ली खिशात टाकली.

आता दर शनिवारी संध्याकाळी तो गाडी आणून लावतो. टाकीत पेट्रोल नावापुरतंच असतं. पण तो गाडी आणून लावेल, एवढीही तिची त्याच्याकडून अपेक्षा नव्हती.