काचेबाहेरची सुईताई

सगळी प्रयोगशाळा तिला सुईताई म्हणायची. उंदराच्या शेपटीतल्या बारीक शिरेत सुई घालण्यात तिचा हातखंडा. एकवीस वर्षांत सर्दीसाठी तिने एकही रजा घेतली नव्हती. सर्दीची हिच्याजवळ यायची हिंमतच होत नाही, असं नवरा म्हणायचा.

त्या दिवशी मात्र हिंमत झाली. कपडे बदलायच्या खोलीत टोपी चढवताना तिला शिंक आली. एक नाही, चांगल्या तीन.

आत पाच उंदीर तयार होते. रोगाशी लढायची ताकद त्यांच्यात जन्मापासून नसते, म्हणून तर माणसाचा रक्ताचा कर्करोग त्यांच्या अंगात रुजतो आणि त्यावर नवी औषधं तपासता येतात. पण आपल्या नाकातले साधे जंतूही त्यांच्या जिवावर उठतात. आज टोचायच्या कर्करोगाच्या पेशी होत्या एका बाईच्या. ती वारली होती. गोठवून ठेवलेली ही तिची शेवटची कुपी, आणि तीही मघाशीच वितळवून झाली होती.

"दोन मास्क लावा आणि या," मोठ्या मॅडम फोनवर म्हणाल्या. "तासाभराचं तर काम."

"नाही येणार."

"अहो, पेशी फुकट जातील!"

"उंदीर आजारी पडले तरी फुकटच जातील. छोटे डॉक्टर टोचतील. मी काचेतून सांगते."

छोट्या डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा आजवरचा सराव नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तोही ताईची बोलणी खात खात. ताईचे हात शिवशिवत होते. आत जायची इच्छा तिने मोठ्या कष्टाने आवरली आणि काचेपाशी पाय रोवून उभी राहिली.

"शेपटी कोमट पाण्यात धरा. शीर फुगू द्या. आपल्याला काही गाडी पकडायची नाही."

पहिल्याच उंदराच्या शेपटीवर पांढरा फुगवटा आला. पेशी शिरेबाहेर गेल्याची ती खूण.

"थांबा! ढकलू नका."

"ताई, थोड्या गेल्या असतील की आत."

"असतीलवर आपलं भागत नाही. पिंजऱ्यावर 'चुकला' लिहा. पुढचा घ्या. आणि जोर लावू नका, सुई आपसूक सरकली पाहिजे."

दुसऱ्याची सरकली. मग तिसऱ्याची. पाचवा संपला तेव्हा घाम आत डॉक्टरांना आणि बाहेर ताईला सारखाच फुटला होता.

सहा आठवड्यांनी चौघांच्या रक्तात त्या बाईच्या पेशी सापडल्या. एवढा अवघड रोग रुजला म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या, अगदी मनापासून.

मग ती आत गेली. नवं औषध सिरिंजमध्ये भरून तिने दुसऱ्या पिंजऱ्यातला उंदीर हातात घेतला. तो आता मलूल झाला होता, तळहातावर नुसता बसून राहिला. तिला फार वाईट वाटलं.

"माफ कर रे बाबा," ती म्हणाली, आणि हात जराही हलू न देता तिने सुई घातली.